शनी आबांच्या दारात

"बाई, हा शनी हितनं उचला."

बळवंतआबा इंगवले घराच्या पायरीवर उभे होते. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, दातांना लावलेली मशेरी अजून तोंडातच. त्यांच्या पायरीपासून हातभर अंतरावर आम्ही काठी रोवली होती. काठीच्या टोकाला लिंबू, आणि लिंबाभोवती माझ्याच हातातली एक पिवळी बांगडी.

"उचलता येत नाही, आबा. तो मापानं तिथंच आलाय."

"मापानं आलाय, तर मापानं जाऊ द्या की फुडं. गावात दुसरी जागा न्हाई व्हय?"

"शनीला नाही."

आबांनी मशेरी थुंकली आणि पुन्हा लिंबाकडे पाहिलं. "एक तर शनी. त्यात लिंबू. त्यात माझ्या दारात. आन् आज वार कंचा?"

"शनिवार," माझ्या मागं उभ्या पोरांतल्या बमूनं प्रामाणिकपणे सांगितलं.

पोरं फिसकन हसली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण हसू मलाही आवरत नव्हतं आणि ते आबांना दिसलं. तिथंच सगळं बिघडलं. हसलं नसतं तर कदाचित त्यांनी ऐकून घेतलं असतं. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त गावात आपल्या शब्दाबाहेर काही होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"हसू नगा, बाई," आबा एकदम खालच्या आवाजात म्हणाले. "सून पोटुशी हाय माझी. सातवा लागलाय."

आता मला लाज वाटली. दारात लिंबू ठेवलेलं पाहून गावातली कुठलीही बाई धास्तावेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी पुढे होऊन काठीवरचं लिंबू काढलं आणि पिशवीत टाकलं.

"लिंबू माझं चुकलं. त्याऐवजी चिंध्यांचा चेंडू लावते. पण जागा तीच राहील."

"जागाच नगं म्हणतोय मी!"

"जागा तीच राहील, आबा."

ते वर्ष आठवलं की मला आधी हेच आठवतं. मी सुलभा चौगले, तेव्हा नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेली. कुंभारडे गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या सपाटीला धनगरांची वस्ती होती. तिला सगळे नुसतं 'वाडा' म्हणायचे. तिथली पहिली ते चौथीची शाळा म्हणजे एक खोली, एक ओसरी आणि मी. खाली गावात मोठी शाळा होती, आणि आबा त्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. गावच्या शाळेचा पट घसरत चालला होता. आणखी थोडी पोरं कमी झाली असती तर तिथला एक शिक्षक गेला असता. वाड्यावरची पोरं खाली आणली की गावचं भागत होतं.

तसं ठरूनही गेलं होतं. जानेवारीच्या बैठकीत गावच्या शाळेचे मुख्याध्यापक घाटगे गुरुजी मला म्हणाले, "बाई, वाड्यावरची शाळा बंद होतेय. पट कमी, आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे. नियमात बसतं. ऑफिसातले टोणपे साहेब विज्ञान प्रदर्शनाला येणार आहेत, तेव्हाच काम उरकून जातील."

"एक किलोमीटरच्या आत? कुणी मोजलं?"

"ऑफिसात नकाशा आहे. पट्टी ठेवून मोजलंय."

नकाशावर वाडा गावाच्या अगदी डोक्यावर दिसतो हे खरं आहे. पण मध्ये घळ आहे. वाट घळीला वळसा घालते, ओढ्यात उतरते, मग नागमोडी वर चढते. पावसाळ्यात ओढा भरला की वाड्यावरचं माणूस वाड्यावर आणि गावातलं गावात. ठकू झोरे माझ्या चौथीच्या वर्गातली. तिची थोरली बहीण पाचवीला खाली गावात जायला लागली, आणि जुलै संपायच्या आत म्हशींमागं गेली. ती पुन्हा काही शाळेत आली नाही. चौथीनंतर जे व्हायचं ते आता पहिलीपासून होणार होतं. हे मी घाटगे गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण कागदावर बसत नाही." हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं, की कुणी 'कागद' म्हटलं तरी माझ्या अंगाची लाही व्हायची.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात सूर्यमाला शिकत होतो. पुस्तकात चित्र होतं. मधोमध सूर्य आणि शेजारी सगळे ग्रह एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे खांद्याला खांदा लावून. ठकूनं चित्र बराच वेळ पाहिलं. ठकू म्हणजे आजीचं नाव ठेवलेली, वाळकी, आणि एकदा शंका आली की ती सोडवल्याशिवाय भाकरी न खाणारी पोरगी.

"बाई, ह्ये एवढं चिकटून फिरत्यात, तर एकमेकांवर आपटत कसं न्हाईत?"

"चिकटून नाहीत ते. खूप लांब लांब आहेत. चित्र खोटं आहे."

"पुस्तकात खोटं छापत्यात?"

"पान लहान असतं गं. खरं अंतर दाखवायचं तर पान इथून गावापर्यंत लांब लागेल."

बोलता बोलताच मला काहीतरी सुचलं होतं. काय सुचलं ते पोरांना सांगितलं नाही, घाटगे गुरुजींना तर नाहीच. पोरांना एवढंच सांगितलं, की प्रदर्शनात आपण ज्वालामुखी करायचा नाही, पवनचक्की करायची नाही, आपण खऱ्या मापाची सूर्यमाला करायची.

"प्लूटो बी घ्यायचा?" बमूनं विचारलं. पुस्तकात अजून नऊ ग्रह होते.

"प्लूटोला आता ग्रहांतून काढलंय."

"कुणी?" ठकू.

"जगातल्या शास्त्रज्ञांनी बसून ठरवलं. तो फार लहान आहे, आणि स्वतःच्या वाटेवरचे बाकीचे दगडधोंडे त्याला दूर सारता आले नाहीत."

"पर त्यो फिरतोय न्हवं अजून?"

"फिरतोय."

"मग काढला म्हंजे काय?"



ठकूच्या घरची भाकरीची परात आम्ही सूर्य म्हणून घेतली आणि तिला हळद फासली. सूर्य परातीएवढा, तर बाकीचे केवढे, याचा हिशेब करून आम्ही घराघरांतून ग्रह गोळा केले. बुध म्हणजे नाचणीचा दाणा. शुक्र आणि पृथ्वी ज्वारीचे दाणे, मंगळ मोहरी. गुरूला एक लहान रबरी चेंडू मिळाला, शनीला लिंबू, आणि युरेनस-नेपच्यूनला दोन निळ्या गोट्या. ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन पोरं एकमेकांना दाखवत होती.

"ह्याच्यावर आपण ऱ्हातो?"

"आपण, आबा, टोणपे साहेब, कलेक्टर, सगळे."

"आन् समुद्र बी ह्याच्यावरच?"

"समुद्रही."

पोरं इतकी खूश झाली, की दिवसभर ज्वारीच्या दाण्यावर आणखी कोण कोण राहतं याचीच नावं घेत होती.

मग मापाला लागलो. म्हशीच्या दाव्याच्या दोऱ्या जोडून दहा मीटरची एक दोरी केली. सूर्य ठेवायचा गावच्या शाळेत, कारण प्रदर्शन तिथं. तिथून वाटेनं दोरी टाकत निघायचं. पहिले चार ग्रह शाळेच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पटापट आले. तालमीच्या पहिल्याच दिवशी पृथ्वी कोंबडीनं खाल्ली. दुसरी पृथ्वी मग पुठ्ठ्यावर चिकटवली. मंगळानंतर मात्र रस्ता एकदम ओसाड पडला. दोरी टाकत गेलो, टाकत गेलो, तेव्हा कुठे पिठाच्या गिरणीपाशी गुरू आला. गिरणीवाला बाबू एकदम खूश. "गुरूबळ आलं की बाई आमास्नी," म्हणत त्यानं पोरांना गूळ दिला. आणि त्यानंतर तेवढंच चालल्यावर शनी नेमका आबांच्या पायरीशी आला.

आबांनी त्या शनिवारी घाटगे गुरुजींना गाठलं. सोमवारी गुरुजींनी मला.

"बाई, पाच-दहा पावलांनी काय बिघडतं? सरकवा की मागं."

"एक सरकवला की सगळेच सरकतात, गुरुजी."

"बरं, मग असं करा. परातीऐवजी ताट घ्या." गुरुजी हुशार होते, गणिताचे होते. "सूर्य लहान झाला की सगळंच जवळ येईल. शनी पार अलीकडं येईल, आबांच्या दाराची कटकटच मिटेल. शास्त्र पण तेच राहील."

ते बरोबर होतं. शास्त्रात काहीही फरक पडला नसता.

"नाही. परातच राहणार."

"का पण?"

"हळद लावून झालीय."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई वेडी तरी आहे, नाहीतर उर्मट तरी. "आबा बदली करतील तुमची. त्यांचा हात वरपर्यंत आहे."

"करू द्या."

म्हणायला म्हटलं. रात्री झोप लागली नाही. वडील नुकतेच गेलेले, घरी आई एकटी, आणि बदली म्हणजे काय असतं ते मला कळत होतं. पण सकाळी वाड्यावर चढून गेले, ओसरीत पोरं दोरी धरून बसलेली दिसली, आणि मागं फिरायचं माझ्या मनातून निघून गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी टोणपे साहेब जीपमधून उतरले. विस्तार अधिकारी, गोलगरगरीत, पांढरा शर्ट, बूट नवेकोरे. माणूस हसतमुख होता. ज्वालामुखी पाहिला, पवनचक्की फुंकून फिरवली, आणि परात ठेवलेल्या माझ्या स्टुलापाशी येऊन थांबले.

"हे काय? भाकरी थापताय?"

"सूर्य आहे, साहेब."

"आणि बाकीचे ग्रह?"

"बाहेर आहेत. बुध इथंच आहे, फाटकापाशी. चला."

फाटकापर्यंत यायला कुणाची ना नसते. फाटकापाशी गंगू उभी होती, तिसरीतली. तिनं डोळे मिटून एका दमात सांगितलं, "मी बुध. माझ्यावर हवा न्हाई म्हणून मी दिवसा भाजतो आन् रातीला गारठतो." पुढे शुक्र होता. "मी बुधापक्षा लांब हाय, पर तापलोय जास्त. ढगांची जाड वाकळ पांघरलीय, म्हणून ऊब भायेर जात न्हाई." पृथ्वीनं पुठ्ठा पुढे केला. "माझ्यावर पानी हाय. म्हणून तुमी हाय, साहेब." टोणपे साहेब खळखळून हसले. तांबड्या मातीत मंगळ उभा होता. त्याची माती लोखंडाच्या गंजानं तांबडी झालेली असते हे त्यानं सांगितलं, आणि साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गुरू कुठंय?"

"जरा पुढं."

साहेबांच्या मागून घाटगे गुरुजी, गुरुजींच्या मागून आबा. आबा का येतायत ते मला ठाऊक होतं. गिरणीपाशी साहेबांनी मागं वळून पाहिलं. परात शाळेच्या पटांगणात टिकलीएवढी दिसत होती.

"इथपर्यंत उजेड यायला पाऊण तास लागतो," गुरू म्हणाला.

"अरे वा!" साहेब आता खरोखर रमले होते. "एवढं लांब असतं होय? मी बी.एड. केलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं बघा." आणि ते स्वतःच पुढे निघाले.

आबांच्या दाराशी येऊन पाहतो तर काठी उपटून कडेला फेकलेली. चिंध्यांचा चेंडू गटारात. आणि जिथं काठी होती तिथं बरोब्बर ठकू उभी. एका हातात माझी पिवळी बांगडी, दुसऱ्या हातात गटारातून काढलेला ओला चेंडू. फ्रॉकवर चिखल उडालेला.

आबा साहेबांना ओलांडून पुढे आले. "ए पोरी, हो बाजूला. दारात उभी ऱ्हाऊ नगं."

"मी शनी हाय," ठकू म्हणाली.

"बाजूला हो म्हणतोय न्हवं!"

"न्हाई हुणार."

आबांचा हात वर गेला. मी पुढे झाले, पण त्याआधी साहेबांनी विचारलं, "का गं? दोन पावलं सरकलीस तर काय होतं?"

ठकूचे पाय हलले नव्हते. "मी सरकलो तर माझ्या फुडचं बी खोटं हुतंय, साहेब. युरेनस बी आन् नेपच्यून बी. मग तुमी म्हणशीला, ह्यांनी सगळंच अंदाजानं लावलंय."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांचा हात खाली आला.

"तुझ्याभोवती ही बांगडी कसली?" साहेबांनी विचारलं.

"कडी हाय. एकसंध वाटती, पर तशी न्हाई. बर्फाचं आन् दगडाचं तुकडं हाईत, लाखांनी. समदं फिरतंय." तिनं नाक बाहीला पुसलं. "लांबनं बघितलं तर कळत न्हाई."

मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. पण बोलायची वेळ नव्हती. मी म्हणाले, "चला साहेब, दोनच राहिले."

गाव संपलं, उतार लागला. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते धोंडे होते. साहेबांचा नवा बूट एका धोंड्यावरून सटकला आणि घाटगे गुरुजींनी त्यांना सावरलं.

"पावसाळ्यात इथं कसं असतं?"

"जुलैत या, साहेब," मी म्हणाले. "अलीकडूनच बघून परत जाल."

चढ सुरू झाल्यावर बोलणं बंद झालं. नुसते श्वास ऐकू येत होते. चढाच्या मध्यावर बमू वाटेत आडवा पडलेला होता, कुशीवर, हातात गोटी.

"काय झालं रे याला?" साहेब दचकले.

"मी युरेनस," बमू पडल्या पडल्याच म्हणाला. "बाकीचं उभं ऱ्हाऊन फिरत्यात. मी असा लोळत फिरतोय."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी वर पाहिलं, वाट अजून दोन वळणं घेत चढत होती. "अजून किती?"

"एकच राहिला."

"तो तेवढा तोंडी सांगितला तर चालणार नाही का?"

"नाही, साहेब."

ते चढले. मला त्यांचं हे मान्य करावंच लागेल, की ते चढले. सपाटीवर येऊन समोरच्या ओसरीत मटकन बसले आणि रुमालानं मान पुसत राहिले. ओसरीच्या पायरीवर पहिलीतला धुळू मूठ पुढे करून उभा होता. मुठीत गोटी होती.

"मी नेपच्यून. सूर्य मला लई ल्हान दिसतो. माझी एक फेरी व्हायला एकशे पासष्ट वरसं लागत्यात." मग पाठ केलेलं संपलं, आणि त्यानं स्वतःच्या मनानं विचारलं, "पानी पायजे काय?"

साहेब तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. दारावर शाळेचं नाव लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"ही तुमची शाळा?"

"हो."

"जी बंद करायचीय ती?"

"हीच."

"बाई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो, साहेब. सूर्य केवढा घ्यायचा तेवढंच माझ्या हातात होतं. ताट घेतलं असतं तर नेपच्यून ओढ्याच्या थोडा वर आला असता. परात घेतली म्हणून तो इथं आला. त्यानंतरचं काहीच माझ्या हातात नव्हतं. तुमच्या ऑफिसच्या हिशेबानं ही शाळा एक किलोमीटरच्या आत आहे. खालून मोजत आलं तर किलोमीटर, मघाशी तो पोरगा जिथं लोळत होता, त्याच्या जरा खालीच संपला."

घाटगे गुरुजींनी कपाळाला हात लावला. ताट आणि परातीतला फरक त्यांना आत्ता कळला होता.

आबा धापा टाकत पुढे आले. "साहेब, वळणावळणानं मोजलंय ह्यांनी! ग्रह काय असं वळसं घालत बसत्यात व्हय? सरळ धरा की!"

साहेबांना आधार सापडला. "आबा बरोबर बोलतायत. ग्रहांचं अंतर सरळ रेषेत मोजतात. शास्त्राच्या दृष्टीनं तुमचा प्रयोग चुकलाय, बाई."

"चुकलाय," मी म्हणाले. "सूर्याचा उजेड घळीवरून सरळ आला असता, त्याला ओढा लागला नसता. ही पोरं आहेत, साहेब. ती पायवाटेनं येतात. तुमचा नियम उजेडासाठी आहे की पोरांसाठी?"

 नोकरी गेली, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

साहेब उठले. "दोरी कुठंय?"

ठकू आमच्या मागोमाग वर आली होती. तिनं दोरी पुढे केली.

"आबा, एक टोक तुम्ही धरा."

"मी?"

"तुम्हीच. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी दोरी ढिली सोडली."

असं आम्ही परत उतरलो. पुढे ठकू, मागे आबा, दोघांच्या मध्ये ताणलेली दोरी. दर दोरीला घाटगे गुरुजी मोठ्यानं आकडा म्हणत होते आणि साहेब तो हातावर पेनानं टिपत होते. आबांनी दोन वेळा टोक पुढे सरकवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ठकू थांबून नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांनी टोक मागं घेतलं. ओढा ओलांडला, चढ चढलो, गुरुजी म्हणाले, "शंभर. किलोमीटर झाला."

आम्ही माळावर उभे होतो. गावातलं पहिलं घरही अजून आलं नव्हतं. शाळा तर कुठल्या कुठं.

साहेबांनी हातावरचे आकडे पाहिले, मग आबांच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. "घाटगे गुरुजी, वाड्याची शाळा चालू राहील. ऑफिसात मी सांगतो." आणि जीपकडे जाताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, शाळा वाचवलीत. आता स्वतःला सांभाळा."

ते काही जमलं नाही. मे महिन्यात बदली आली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चंदगडच्याही पुढे. घाटगे गुरुजी स्वतः सांगायला आले. भला माणूस होता, त्यांना वाईट वाटत होतं.

"अजून रद्द होईल, बाई. आबांशी बोललोय मी. एक नारळ घेऊन त्यांच्या घरी जा, पाया पडा, चुकलं म्हणा. एवढंच."

मी विचार केला. अभिमानानं पोट भरत नाही हे मलाही कळतं. आईचा विचार केला, वाड्यावरच्या पोरांचा केला, आणि नारळ विकत घेतला. पण आबांकडे जाण्याआधी वाड्यावर गेले. का गेले ते आज नीट सांगता येणार नाही. कुणीतरी 'जा' म्हणावं असं वाटत असेल.

ठकूची आई, कोंडाबाई, शाळेची ओसरीच शेणानं सारवत होती. सुट्टीतही ती सारवायची. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात चालूच.

"माफी मागटली तर काय हुईल?"

"मी इथंच राहीन."

"आन् न्हाई मागटली तर शाळा बंद हुईल?"

"नाही. शाळेचं आता झालं. माझं तेवढं राहिलंय."

"माफी कशाची मागायची पर? शनी लावल्याची, का खरं मोजल्याची?"

 कोंडाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिच्या लेकीसारखाच ठाम होता.

"बाई, नगा मागू माफी. तुमी 'चुकलं' म्हणलासा तर ते म्हणतील, मोजलेलं बी चुकलं. तुमी जावा. दुसरी बाई यील. तुमच्यागत नसंल, पर यील. शाळा एकदा खाली उतरली, तर परत चढून येत न्हाई."

मला राहा असं कुणी म्हटलं नाही याचं दुःख झालं. फार झालं. आणि ती म्हणाली तेच खरं होतं, हेही त्याच क्षणी कळलं. मी तिथं ओसरीत बसून पोटभर रडले.

कोंडाबाईनं माझ्या पिशवीतला नारळ काढला, शाळेच्या पायरीवर आपटून फोडला, आणि हाका मारून पोरांना खोबरं वाटून टाकलं.